बावन्न लाखांचं घर आणि शेजारचं चव्वेचाळीसचं

पत्राचा सारांश : जळगावातल्या एका ताईंचं पत्र आहे. पती-पत्नी दोघंही नोकरीत, मिळून महिन्याला ९५ हजार हातात येतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर टोकन देऊन त्यांनी शहराच्या नव्या वस्तीत ५२ लाखांना रो हाउस घेतलं. खरेदीखत होऊन दोन वर्षं उलटली. एका गृहकर्ज कंपनीचं ४० लाखांचं कर्ज आहे, दर ९ टक्के फ्लोटिंग (म्हणजे बदलता), मुदत २० वर्षं. हप्ता ३५,९८९ रुपये, २४ हप्ते भरून झाले. गेल्या महिन्यात त्याच ओळीतलं तसंच घर ४४ लाखांना गेल्याचं कळलं आणि तेव्हापासून घरात नीट बोलणं होत नाही. मिस्टरांचं म्हणणं, जमवलेले ६ लाख मॉड्युलर किचन, कपाटं आणि फॉल्स सीलिंगला लावू, म्हणजे किंमत परत ५५ वर जाईल. हॉलच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, तीही सीलिंगमागे झाकली जाईल. सासरे नाना म्हणतात, जमिनीचा भाव कधी पडत नसतो, गप्प बसा. ताईंना वाटतं विकून मोकळं व्हावं. त्याच कॉलनीत १२ हजार भाड्याने तसंच घर मिळतं. हिवाळ्यात नणंदेचं लग्न आहे, सोनं घ्यायचंय, पण आता सराफाच्या दुकानाची पायरी चढायचीही भीती वाटते. त्या विचारतात, ‘आमचे आठ लाख पाण्यात गेले, ते परत कसे मिळवायचे?’

ताई, आठ लाखांचा हिशोब करण्याआधी त्या चव्वेचाळीसची खात्री करून घेऊ. हा आकडा तुमच्यापर्यंत कोणी आणला? एजंटाने, शेजाऱ्याने, की कागदाने? आपल्याकडे जुन्या घराच्या व्यवहारात काही रक्कम कागदाबाहेर राहते हे उघड गुपित आहे. खरेदीखतावर ४४ आणि हातात ४८ असं असू शकतं. विकणाऱ्याची बदली झाली असेल, दवाखान्याचा खर्च निघाला असेल, भावांत वाटणी झाली असेल, तर घाईत दोन-तीन लाख सोडले जातात. घर दक्षिणमुखी असलं तरी आपल्याकडे भाव पडतो, वास्तुशास्त्रावर तुमचा विश्वास असो वा नसो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधायची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट किंवा प्लॉट नंबर टाकला की इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक २ दिसते. कॅप्चा एका फटक्यात लागत नाही, चिडू नका. त्या सूचीत दोन रकमा शेजारी शेजारी असतात, मोबदला आणि बाजारभाव. मोबदला म्हणजे कागदावर ठरलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे सरकारी दर तक्त्याने, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, काढलेलं मूल्य. मुद्रांक शुल्क यातल्या मोठ्या रकमेवर लागतं. दोन्ही रकमा अगदी जवळ असतील, तर मोबदला मुद्दाम तक्त्याला टेकवलेला असू शकतो, म्हणून त्या एका नोंदीवर विसंबू नका. तुमच्या लेआउटमधल्या गेल्या दोन वर्षांतल्या पाच-सहा नोंदी काढा आणि प्लॉटचं क्षेत्रफळ सारखं आहे ना ते बघा. तिथे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा, चौरस फूट मिळतात.

दुसरी पडताळणी घरी बसून होते. रो हाउसची किंमत म्हणजे जमीन अधिक बांधकाम. उदाहरणादाखल, प्लॉट ११०० चौरस फूट आणि त्या वस्तीत मोकळ्या प्लॉटचा भाव १८०० रुपये असेल तर जमीन झाली १९ लाख ८० हजारांची. बांधकाम ११५० फूट, ठेकेदाराचा आजचा दर १९०० धरला तर २१ लाख ८५ हजार. कंपाउंड, बोअर, मीटर, गेट यांचे दोन-अडीच लाख. बेरीज ४४ च्या आसपास येते. तुमच्या घराचे खरे आकडे यात घाला. बेरीज ४४-४५ आली तर शेजाऱ्याने स्वस्तात विकलं नाही, तुम्ही महाग घेतलं, एवढं मान्य करून पुढे जाता येईल. ४८ आली तर तुमचं दुःख निम्मं होतं. इथून पुढे मी वाईटात वाईट, म्हणजे ४४ च धरतो.

‘कर्ज कंपनीने मूल्यांकन करूनच ४० लाख दिले, म्हणजे भाव बरोबरच असणार’, असं तुम्ही पत्रात लिहिलंय. हे बरेच जण धरून चालतात. मूल्यांकन करणारा माणूस तुमचे पैसे वाचवायला येत नाही. कंपनीने दिलेली रक्कम उद्या घर विकून निघेल का, एवढंच तो बघतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. म्हणजे भाव घसरला तर पहिले २० टक्के तुमचे जळतात, कंपनीचे नाही. तुमचंच बघा. तुम्ही पदरचे १२ लाख घातले, वर मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी ३ लाख १२ हजार आणि नोंदणी फी ३० हजार. झाले १५ लाख ४२ हजार. आज ४४ ला विकलं, एजंटाला एक टक्का दिला आणि बाकी असलेलं ३८ लाख ४३ हजारांचं कर्ज फेडलं, तर हातात उरतात सव्वापाच लाखांच्या आत. भाव पंधरा टक्के कमी झाला, पण तुमची पुंजी दोन तृतीयांश गेली.

आणि ते आठ लाख सध्या आहेत कुठे? घरात नाहीत, कारण घर ४४ चं आहे. ते कर्जात आहेत. ९ टक्क्यांनी २० वर्षांत एका लाखाचा हप्ता महिना जवळपास ९०० रुपये बसतो. आठ लाखांचे झाले महिना ७,२०० आणि मुदतीअखेर १७ लाखांच्या वर. म्हणून मिस्टर ते पैसे घराच्या किमतीत शोधतायत याला माझा विरोध आहे. जे कर्जात अडकलंय ते कर्जातूनच सोडवायला हवं.

सहा लाखांच्या फर्निचरने घर ५५ चं होत नाही. पुढचा गिऱ्हाईक प्लॉट आणि बांधकाम मोजतो, त्याची बँकही तेच मोजते. पाच वर्षांनी तुमच्या किचनच्या बिजागऱ्या सैल झालेल्या असतील, लॅमिनेटच्या कडा फुगलेल्या असतील आणि तो म्हणेल, ‘हे काढून टाकावं लागेल.’ स्वयंपाकाला ओटा अपुरा पडतो म्हणून किचन करायचं असेल तर जरूर करा, तो राहण्याचा खर्च आहे. किंमत वाढवायची असेल तर पैसा कागदावर लावा, तो फारच थोडा लागतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर दोघांचं नाव चढलंय का? फेरफार मंजूर आहे का? घरपट्टी अजून बिल्डरच्या नावाने येते का? भोगवटा प्रमाणपत्र हातात आहे का? यातलं एखादं अडलं की गिऱ्हाइकाचं कर्ज लांबतं, आणि लांबलेल्या व्यवहारात भाव पाडला जातो.

फॉल्स सीलिंग मात्र अजिबात नको, निदान ओल बंद होईपर्यंत. स्लॅबमधून किंवा गच्चीच्या कठड्याच्या सांध्यातून पाणी येत असेल तर ते जिप्समच्या मागे मुरत राहील, सळई गंजेल, गिलावा सुटेल, आणि तुम्हाला कळेल तेव्हा पट्टीसकट खाली येईल. शिवाय हा खर्च तुमचा नाहीच. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तुमची दोनच वर्षं झालीत. पावसाळ्यातले तारखेसह फोटो काढा, स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पोचपावती जपा. नुसतं फोनवर ‘माणूस पाठवतो’ ऐकून थांबू नका. दाद दिली नाही तर महारेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. त्याच वेळी टेप घेऊन खोल्या मोजा. करारात लिहिलेल्या चटई क्षेत्रापेक्षा प्रत्यक्षात कमी भरलं, तर ती तक्रार वेगळी आणि जोरदार आहे. नुसता भाव जास्त लावला ही तक्रार होत नाही. सही तुम्ही केली होती.

आता सहा लाखांचं काय करायचं ते सांगतो. दोन लाख बाजूला ठेवा, म्हणजे जवळपास सहा हप्त्यांची सोय. उरलेले चार लाख कर्जात भरा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लागत नाही. भरताना अर्जावर स्पष्ट लिहा : ‘हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.’ न सांगितलं तर काही ठिकाणी हप्ता कमी करून देतात आणि निम्मा फायदा तिथेच जातो. हप्ता तोच ठेवला तर उरलेले २१६ हप्ते १७० वर येतात. ४६ हप्ते म्हणजे साडेसोळा लाख वाचले, चार लाख भरून. आठ लाखांचा शोक इथेच बराच हलका होतो.

दुसरं पाऊल दराचं. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोलाच, जोडलेली असतात, त्यामुळे तिथे कपात आपोआप पोचते. गृहकर्ज कंपन्यांना ते बंधन नाही. त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात, आणि जुन्या कर्जदाराचा दर त्याने विचारल्याशिवाय सहसा हलत नाही. शाखेत जाऊन तीन गोष्टी मागा : खातेउतारा, आजच्या नव्या गिऱ्हाइकाला लावला जाणारा दर, आणि जुना दर बदलून घ्यायची फी. फी भरून दर उतरत असेल तर बहुधा तेच सोयीचं. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र घेऊन परत जा, भाषा बदलते.

पण इथे जादा भावाचा एक फटका आहे, जो घर घेताना कोणीच सांगत नाही. कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं तर ती नव्याने मूल्यांकन करते. तिचा माणूस ४४ लिहितो. ४४ चे ८० टक्के ३५ लाख २० हजार. तुमचं देणं ३८ लाख ४३ हजार. अर्ज तिथेच अडतो. महाग घर घेतलेला माणूस असा महाग कर्जातही अडकून पडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. चार लाख आधी भरले की बाकी ३४ लाख ४३ हजार होते आणि तुम्ही दाराच्या आत येता. दर ८ टक्के मिळाला आणि हप्ता आजचाच ठेवला, तर १७० चे हप्ते १५३ होतात. अठरा वर्षांचं कर्ज पावणेतेरा वर्षांत संपतं. कर्ज हलवताना प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन आणि गहाणाच्या दस्ताचं मुद्रांक शुल्क असा खर्च येतो. तो आधी लेखी मागून घ्या आणि मगच ठरवा.

खातेउताऱ्यात आणखी एक बघा. कर्जासोबत विम्याचा एकरकमी हप्ता मुद्दलात मिसळला होता का? तसं असेल तर त्यावरही तुम्ही ९ टक्के भरताय. कर्ज हलवताना त्या पॉलिसीतून काही परतावा निघतो का ते विचारा. आणि घराचा विमा काढताना ५२ लाखांचा काढू नका. आगीत किंवा भूकंपात जमीन जात नाही. विमा पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा हवा, तुमच्या बाबतीत बावीस-चोवीस लाखांचा. भारत गृह रक्षा ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते.

आता तुमचं म्हणणं, विकून भाड्याने राहू. ताई, हा विचार वेडेपणाचा नाही, नाना काहीही म्हणोत. गणित असं. आज तुमच्या हप्त्यातले महिना २८,८०० रुपये नुसतं व्याज आहे. भाडं १२ हजार. फरक वर्षाला दोन लाख. घरपट्टी आणि डागडुजीचे तीस हजार धरा. विकून येणाऱ्या पाच लाखांवर ठेवीचं व्याज पस्तीस हजार. बेरीज २ लाख ६५ हजारांच्या पुढे, म्हणजे ४४ लाखांच्या सहा टक्के. थोडक्यात, तुमच्या घराचा भाव दरवर्षी सहा टक्क्यांहून कमी वाढणार असेल तर कागदावर भाडं जिंकतं. दर ८ वर आणला की हीच रेघ पाच टक्क्यांच्या थोडी वर येते.

जमिनीचा भाव पडत नाही हे नानांचं वाक्य शेताच्या अनुभवातून आलंय. रस्त्याकाठची शेती आणि गावाबाहेरची कॉलनी यांत फरक आहे. कॉलनीच्या पुढच्या गटात उद्या नवा लेआउट पडतो आणि गिऱ्हाइकाला तुमच्या जुन्या घराऐवजी तिथलं कोरं घर मिळतं. भाव पडत नाही, पण सात वर्षं जागचा हलतही नाही, आणि कर्ज असलेल्या माणसाला ते पडण्यासारखंच आहे. दुसऱ्या बाजूने, विकून दोन-तीन वर्षांनी पुन्हा घ्यायचंच असेल तर नव्या घराच्या मुद्रांक-नोंदणीचे तीन लाख, दलाली, सामान हलवणं, मुलांची शाळा हे सगळं परत आलं. म्हणून माझं मत असं : घर राहायला बरं असेल, दोघांची नोकरी इथेच असेल, तर विकू नका. बदली ठरलेली असेल, किंवा एकाचा पगार थांबला तर हप्ता झेपणार नसेल, तर विका आणि भावाची वाट बघत बसू नका. ‘५२ आले की विकू’ हा बेत नको. बाजाराला तुम्ही काय मोजलं होतं ते माहीत नसतं.

विकलंच तर कराच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. २४ महिन्यांहून जास्त काळ घर तुमच्या नावे असल्याने तोटा दीर्घकालीन ठरतो. तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो आणि ८ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. मुद्रांक शुल्कही खरेदीच्या किमतीत धरा. आणि जुन्या करप्रणालीत मुद्दलाची ८०सी वजावट घेतली असेल, तर ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षाअखेरपासून पाच वर्षांच्या आत विकल्यास ती वजावट उलटते, त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. गिऱ्हाईक थोडे रोख देतो म्हणाला तर नको म्हणा : स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

मिस्टरांशी बोलताना ‘तुम्ही फसलात’ हे वाक्य वगळा. सही दोघांची आहे, मुहूर्तही दोघांनी गाठला होता. त्यांच्यासमोर दोन ओळी लिहून ठेवा : सहा लाख फर्निचरला लावले तर २१६ हप्ते बाकी, चार लाख कर्जात भरले तर १७०. पुढचं बोलणं आकडेच करतील.

ज्यांनी अजून टोकन दिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आखाजी, दसरा, पाडवा आणि कापसाचे पैसे हातात आले की बिल्डरकडे गर्दी असते, त्या गर्दीत भाव कमी होत नाही. मुहूर्त साधायचा तर वास्तुशांतीला साधा, सौद्याला नको. घर मे महिन्यात दुपारी तीनला बघा. ४५ अंशांत वरच्या मजल्याचा स्लॅब हाताने चाचपला की बरंच कळतं. नळाला पाणी किती दिवसाआड येतं हे बिल्डरला नाही, शेजारणीला विचारा. रेरा कायद्याखाली नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एकट्या बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. आणि एजंट ‘याच ओळीतलं बावन्नला गेलंय’ म्हणून इंडेक्स टू दाखवेल तेव्हा एवढं समजा, की तो कागद अशाच एखाद्या ताईंच्या घाईचा असू शकतो. शेजारचे पाच कागद स्वतः काढा.

राहिलं सोनं. तिथे भीतीचं कारण नाही, कारण भाव रोज जाहीर असतो. जादा पैसे जातात ते मजुरीत. मजुरी १४ टक्के आणि सोनं-मजुरीच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी धरला तर १०० रुपयांच्या सोन्याचे ११७ रुपये ४२ पैसे होतात. मजुरी ८ टक्के असेल तर १११ रुपये २४ पैसे. परत विकताना मजुरी आणि जीएसटी दोन्ही शून्य. नवरीला रोज घालायला एखादा दागिना हौसेने, नक्षीचा घ्या. बाकीचं वजन साध्या बांगड्या, पाटल्या, वळ्यांत घ्या, त्यांची मजुरी कमी असते. मजुरी ग्रॅमवर सांगतायत की टक्क्यावर ते आधी विचारा, दोन्हीत घासाघीस होते. खड्यांचं आणि लाखेचं वजन बिलात वेगळं लिहून घ्या, नाहीतर खडेही सोन्याच्या भावाने मोजले जातात. दागिन्यावर तीन खुणा हव्यात : बीआयएसचं चिन्ह, शुद्धता म्हणजे २२के९१६, आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी. तो क्रमांक दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी समोर येते. जुनं सोनं मोडून देणार असाल तर वितळवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळी तुमच्यासमोर वजन करायला सांगा.